खिळ्यावरचा फोटो

१

खिळा जागेवर होता. फोटो नव्हता.

शालूबाईच्या घराची भिंत चुलीच्या धुराने काळवंडलेली होती आणि तिच्यावर एक चौकोन तेवढा उजळ दिसत होता. खाली, देवाच्या फळीजवळ, झेंडूच्या चार वाळक्या पाकळ्या पडल्या होत्या. देवाच्या असतील म्हणून भगवंतरावांनी त्या ओलांडल्या.

"सकाळी कापसाच्या वेचणीले गेली तवा होता," शालूबाई उंबऱ्यात बसून म्हणाली. "आली तं नव्हता. पितळी हंडा तसाच हाय, डब्यातलं तेलही तसंच हाय. नेला तं माहा फोटोच नेला."

फौजदार महामाया इंगळे कमरेवर हात ठेवून उभी होती. "आजी, खरं सांगा. आम्ही आज तो न्यायला येणार होतो. तुम्हीच लपवला ना?"

"मी काऊन लपवू?"

"लेकाला वाचवायला."

शालूबाईने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यानंतर ती फौजदारीणबाईशी बोललीच नाही.

भगवंतराव पोलिसात जमादार होते. निवृत्त होऊन साखरखेर्ड्यात राहत होते. आठ वर्षांपूर्वी या घराची झडती त्यांनीच घेतली होती. गावचे मोठे शेतकरी रामराव आपल्या विहिरीजवळ डोक्यात पहारीचा घाव बसून मेले होते. त्यांचा ट्रॅक्टर चालवणारा शालूबाईचा सागर त्याच दिवशी नाहीसा झाला. रामरावांचे धाकटे भाऊ गुलाबराव यांनी जबाब दिला की, हातात पहार घेऊन पळताना आपण सागरला पाहिलं. तेव्हापासून सागर फरार.

आता तो सापडला होता. सातासमुद्रापार.

महामायाने जुनी फाईल वाचली तेव्हा तिला भगवंतरावांची आठवण झाली. "काका, चला माझ्यासोबत," ती फोनवर म्हणाली. भगवंतराव लगेच हो म्हणाले. घरी बसून तरी काय करायचं होतं? गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी त्यांच्या पत्नी कौशल्याबाई गेल्या. त्यांचा फोटो बैठकीत टेबलावर टेकून ठेवला होता. लेक आली की म्हणायची, "बाबा, हार आणा आता. लोक विचारतात." ते म्हणायचे, "आणतो बाजारातून." बाजारात जायचे, भाजी घेऊन यायचे.

२

अश्विनी चहा घेऊन आली. ती याच गल्लीतली सून. एकेकाळी तिची सोयरीक सागरशी ठरली होती. तो पळाल्यावर वडिलांनी तिचं लग्न याच गावात दुसरीकडे लावून दिलं. तरी शालूबाईच्या घरात तिचं येणंजाणं होतं. म्हातारीजवळ फोन नव्हता, म्हणून काल महामायाचा निरोपही तिच्याच फोनवर आला होता.

"भाऊ," शालूबाई भगवंतरावांना म्हणाली, "त्या बाईले म्हणा, नीट समजून सांग. माह्या पोराले आणून राह्यले म्हणता, तं आणत काऊन नाई? विमानं तं रोज येतात."

महामाया खाटेवर बसली. तिचा आवाज जरा खाली आला.

"आजी, दुसऱ्या देशात जाऊन माणूस उचलता येत नाही. आपला आणि त्या पोर्तुगालचा करार आहे. तुमचा गुन्हेगार आमच्याकडे आला तर आम्ही देऊ, आमचा तुमच्याकडे आला तर तुम्ही द्या. पण मागायचं दिल्लीच्या सरकारने आणि द्यायचं की नाही ते तिकडच्या कोर्टाने ठरवायचं. ते पहिलं पाहतात, हा गुन्हा आमच्याकडेही गुन्हा आहे का. खून सगळीकडे गुन्हाच. मग विचारतात, पुरावा काय. आणि मग विचारतात, हा माणूस तोच कशावरून."

"तो नाई म्हणते का?" शालूबाईने भगवंतरावांनाच विचारलं.

"तो म्हणतो, मी सागर नाही. कागदपत्रं दुसऱ्याच नावाची आहेत. तिकडं प्लॅस्टिकच्या घरांत रासबेरी, म्हणजे तांबडी बोरं, तोडायच्या कामावर होता. मेहकरच्या एका पोराने व्हिडिओ टाकला, त्यात मागे हा दिसला. लायसनवरचा फोटो दाखवला तर म्हणतो, जगात एका तोंडाची सात माणसं असतात. आधारचे ठसे असल्या कामाला मिळत नाहीत."

"आणि त्याचा डावा कान फाटलेला आहे," भगवंतराव म्हणाले.

"लहानपणी गोऱ्ह्यानं शिंग मारलं," अश्विनी पटकन म्हणाली.

लायसनच्या फोटोत केसांमुळे कान दिसत नव्हता. तेव्हा भगवंतरावांनीच महामायाला सांगितलं होतं, झडतीच्या वेळी त्या घरात भिंतीवर त्याचा एका अंगाने काढलेला फोटो पाहिल्यासारखं आठवतं. तोच फोटो आता गेला होता.

"एक उपाय आहे अजून," महामाया म्हणाली. "तुम्ही रक्त दिलं तर आई-लेकाचं रक्त जुळवता येतं. जबरदस्ती नाही."

शालूबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले. "माह्या रक्ताचा दोर करून माह्याच पोराले बांधू? नाई जमत." मग तिने भगवंतरावांकडे वळून विचारलं, "फाशी देतीन का हो त्याले?"

"नाही आजी. त्या देशात फाशीच नाही. फाशी देणार नाही असं आपल्या सरकारने लिहून दिल्याशिवाय ते माणूस देत नाहीत. आपण लिहून दिलंय. आणि ज्या गुन्ह्यासाठी मागितला तोच खटला चालवायचा, मागचंपुढचं काही उकरायचं नाही, हेही कबूल केलंय."

"म्हणजे दोन सरकारं बसली अन् माह्या पोराच्या मानेबद्दल बोलली," शालूबाई म्हणाली. "इथं तं त्याचं नाव काढलं की लोकं थुकतात."

चहा संपला. भगवंतराव उठले तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या कौशल्याबाई गेल्याचं कळलं भाऊ. यायचं होतं, गुडघ्यानं नाई आली. तिकडच्या मुलखाशी नाई ना हो सरकारचा असा करार?"

"नाही," भगवंतराव म्हणाले.

बाहेर येऊन महामाया म्हणाली, "फोटो न्यायला आम्ही येणार, हे तिघांनाच माहीत होतं. ही म्हातारी, ती अश्विनी आणि फिर्यादी म्हणून मी ज्यांना कळवलं ते गुलाबराव. गुलाबराव तर आठ वर्षं 'आरोपीला आणा' म्हणून निवेदनं देतायत. उरल्या दोघी. काका, मला म्हातारीच वाटते."

भगवंतरावांना ते पटत नव्हतं. ज्या बाईला फोटो लपवायचा असतो, ती 'तेवढाच फोटो गेला' म्हणून रडत नाही. आणि शालूबाईचे डोळे सुजलेले होते.

३

अश्विनी हातपंपावर भेटली. घागर भरून वाहू लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"तू नेलास का पोरी?"

"मी काऊन नेऊ?" ती उसळली. "दर अमावस्येले तो फोटो मीच पुसते. माह्या घरचे बोलतात त्यावरून. सासू म्हणते, त्या घराशी तुहं काय उरलं आता?"

"आणि काय उरलं?"

तिने घागर कडेवर घेतली. "तो आला तं त्याले येकच इचारीन. जातानी येक शब्द काऊन नाई बोलला. बस. मंग जाईन आपल्या घरी सयपाकाले." दोन पावलं जाऊन ती वळली. "जमादार काका, आणा त्याले. मी कायले लपवू?"

गुलाबरावांचं घर गावाच्या तोंडाशी. पुढे स्लॅब, दारात ट्रॅक्टर. ओसरीवर झोपाळा. "या, या जमादार साहेब! आज गरिबाकडं? चहा सांगू का?"

"झाला आत्ताच."

"त्या बुढीकडं? तिथला चहा म्हणजे नुसतं गुळाचं पाणी." गुलाबराव हसले. "फोटो गेला म्हणं. मी म्हनलंच होतं फौजदारीणबाईले, त्या घरावर पहारा ठेवा. मायच हाय ती, करणारच."

"आता अवघड झालं. दुसरा पुरावा नाही."

"कायचं अवघड? दुसरं कायतरी धुंडा." गुलाबरावांनी झोपाळ्याला पायाने झोका दिला. "अन् तसाही तो फोटो कोर्टात काय चालणार होता? जित्या पोराच्या फोटोले हार घालून बसली होती बुढी! तिकडचे साहेब म्हनले असते, हा तं मेलेला दिसते, मंग आमच्याकडं हा कोण हाय? डोस्कं फिरलं तिचं."

भगवंतरावांनी मान हलवली. रामराम केला. फाटकाबाहेर आल्यावर त्यांची चप्पल थांबली.

झेंडूच्या पाकळ्या.

त्या देवाच्या नव्हत्या. फोटोला हार होता. पण जी आई लेकाच्या वाटेकडे डोळे लावून आहे, ती त्याच्या फोटोला हार घालील? एक हार घालायला त्यांचे स्वतःचे हात वर्षभर उचलले नव्हते आणि कौशल्याला तर त्यांनी आपल्या हातांनी पोचवलं होतं.

४

चोर फोटो घेऊन कुठे गेला असेल? जाळला असेल, म्हणाली होती महामाया. काडी ओढायला किती वेळ लागतो?

पण फोटोला हार होता. हार घातलेला फोटो आपल्याकडे कोणी जाळत नाही. उकिरड्यावरही टाकत नाही. देवाची तसबीर फुटली, जुन्या पिढीतल्या कोणाचा फोटो कसरीने खाल्ला, तर माणसं काय करतात? नदीत सोडतात. नदीला पाणी नसलं तर महादेवाच्या पिंपळाखाली नेऊन ठेवतात आणि मागे न पाहता घरी येतात.

नदी कोरडी होती.

पिंपळाच्या बुंध्याशी काच तडकलेला गणपती होता, फिकी पडलेली लक्ष्मी होती, दोन-तीन जुन्या चौकटी होत्या. सगळ्यांच्या मागे, झाडाच्या ढोलीत, भिंतीवरच्या त्या उजळ चौकोनाएवढी एक चौकट पालथी ठेवलेली. तिच्यावर अजून झेंडूचा हार होता. चोराने हारही काढला नव्हता.

भगवंतरावांनी चौकट सुलटी केली. फेटा बांधलेला तरणा गडी, जत्रेतल्या स्टुडिओत खुर्चीवर बसून एका अंगाला पाहणारा. तेच नाक, तीच हनुवटी. सागरच. त्यांनी धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि चौकट उन्हात धरली.

डावा कान धड होता. पाळीपासून वरपर्यंत सबंध.

ते तसेच शालूबाईकडे गेले. फोटो पाहताच ती गुडघ्याचं दुखणं विसरून उठली. तिने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"हे कोण शालूबाई?"

"कोण म्हंजे? माहे मालक. कडूबा."

"आणि सागरचा फोटो?"

"त्याचा कायचा फोटो? तो कवा फोटोले उभा राह्यला? मालकाचाच हाय येवढा येक. लगन व्हायच्या आधीचा. झडती घेतली तवा ते जिते होते, म्हणून हार नव्हता. पोरगा गेला अन् दुसऱ्या साली तेही गेले. वाट पाहून पाहून." तिने काचेवरून हात फिरवला. "बापलेक येका साच्यातले. म्हणून तं मी याच्याकडंच पाहते, दोघंही दिसतात."

"मग आम्हाला सांगितलं का नाही, फोटो कडूबाचा आहे म्हणून?"

"तुमी इचारलं कवा? ती बाई म्हणे, लपवला ना, लपवला ना. कोणाचा गेला, हे कोणीच इचारलं नाई."

कडूबा वारल्याचं भगवंतरावांनी धामणगाव बढ्याला बदलीवर असताना ऐकलं होतं. ते शालूबाईच्या पायरीवरच बसून राहिले. आता चोर कोण, हे विचारायला कोणाकडे जायची गरज नव्हती.

५

महामायाला बरोबर घेऊन ते गुलाबरावांच्या ओसरीवर गेले. हार काढून फोटो समोर ठेवला.

"हे कोण?"

गुलाबरावांचा झोपाळा थांबला. "कुठं सापडला? सागरच तं हाय. वा! झालं मंग तुमचं काम."

"नीट पाहा."

"काय पाहाचं? हेच ते तोंड. आठ वर्षं डोळ्यासमोर हाय माह्या."

"कान पाहा गुलाबराव."

गुलाबराव वाकले. वाकलेलेच राहिले.

"हा कडूबा," भगवंतराव म्हणाले. "तुमच्या घरचा सालदार. तुमच्या वावरात त्यानं जन्म काढला. तुम्हाला त्याच्या खांद्यावर बसून जत्रेला जाताना गावाने पाहिलंय. पण त्याचं तोंड तुम्ही कधी पाहिलं नाही. शालूबाईला हा फोटो कोणाचा ते ठाऊक. अश्विनीला ठाऊक, ती दर अमावस्येला पुसते. हा सागर आहे असं समजून तो नेणारा माणूस त्या दोघींपैकी असूच शकत नाही. मी स्वतः फसलो, पण मी पाहिला तेव्हा त्याला हार नव्हता. 'जित्या पोराच्या फोटोला हार' हे तुम्ही मला सांगितलंत. हार घातल्यावर तो फोटो पाहून सागरचा समजणारा या गावात एकच निघाला."

"गावातली पोरं बोलली असतीन—"

"गावाला माहीत आहे, हार कडूबाला आहे."

गुलाबरावांनी घाम पुसला. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "जाळणारच होतो. पण हार होता त्याले. जाळू कसा?"

महामाया पुढे झाली. "का नेलात? आठ वर्षं निवेदनं देताय ना, आणा म्हणून?"

"तो कुठं आहे हे कोणाला माहीत नव्हतं, तोवर निवेदन द्यायला काय लागतं?" उत्तर भगवंतरावांनी दिलं. "जितकं ओरडावं तितकं गाव म्हणणार, भावाची किती माया! पण तो खरंच येणार म्हटल्यावर तुम्हाला भीती वाटली. ज्याने खून करताना पाहिलं, त्याला आरोपी येण्याची भीती नसते. ज्याला खून करताना पाहिलं, त्याला असते. विहिरीच्या वाटणीवरून दोघा भावांचं त्या आठवड्यात वाजलं होतं. सागरने काय पाहिलं गुलाबराव?"

झोपाळ्याला पुन्हा एक झोका बसला. मग गुलाबरावांनी मान वर केली आणि ते पुन्हा मोठे शेतकरी झाले.

"फोटो उचलला म्हणून खून होत नाई जमादार. इचारा तुमच्या फौजदारीणबाईले."

महामायाने फोटो उचलला आणि ती पायऱ्या उतरली. कारण ते खरं होतं.

६

"पाहणारा एकच," परत येताना ती म्हणाली. "आणि तो तिकडे. काका, यातली गोम सांगू? हा करार साक्षीदाराला आणत नाही. आरोपीला आणतो. उद्या सागरवरचा आरोप मागे घेतला तर मागणीच संपली. मग तो यायचा की नाही ते त्याच्या मनावर. आरोप आहे तोवरच रस्ता उघडा आहे, पण तो तर आपलं नावसुद्धा सांगत नाही."

शालूबाईला त्यांनी हे सगळं सांगितलं. तिने दोनदा विचारून घेतलं.

"म्हणजे गुन्हेगार म्हनलं तं तुमी आणान. नाई म्हनलं तं तो तिकडंच."

"तसंच काहीसं," भगवंतराव म्हणाले.

"अन् खरं कोण सांगन? तोच."

"हो."

ती फोटोकडे पाहत बसली. अश्विनीने नवा हार केला होता. शालूबाईने तो स्वतःच्या हाताने घातला.

"रक्त मी देत नाई," ती महामायाला म्हणाली. त्या आरोपानंतर पहिल्यांदाच ती थेट तिच्याशी बोलत होती. "बांधून नाई आणत मी त्याले. पण याचा फोटो काढा, हारासगट, अन् त्याले दाखवा. बाप गेला हे त्याले माईत नाई. आग पुतण्यानं दिली. लेकाच्या हातचं पाणी राह्यलं. येवढं त्याले कळू द्या. मंग त्याले यायचं तं येईन, नाई तं नाई."

महामायाने मोबाईलवर फोटो काढला. कोर्टाला याचा उपयोग नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिने तो वर पाठवला, सोबत दोन ओळी लिहिल्या आणि त्या दिल्लीपर्यंत गेल्या.

तूर निघाली, हरभरा निघाला. मग एका दुपारी महामाया स्वतः साखरखेर्ड्याला आली. "काका, चला. आजींना तुम्हीच सांगा. मला जमणार नाही."

शालूबाई अंगणात गवार निवडत होती. अश्विनी शेजारी होती. भगवंतराव समोर बसले आणि जसं ऐकलं तसं सांगू लागले.

तिकडच्या कोर्टात त्याला उभं केलं. नेहमीसारखं विचारलं, तू सागर का? तो नेहमीसारखा नाही म्हणाला. मग आपल्या वकिलातीतल्या माणसाने न्यायाधीशांची परवानगी घेऊन तो फोटो त्याच्या हातात दिला. त्याने पाहिला. कान पाहिला नाही, तोंडही पाहिलं नाही. हारावर बोट ठेवलं आणि काहीतरी बोलला. दुभाष्या पंजाबी होता, त्याला कळलं नाही. न्यायाधीशांनी विचारलं, काय म्हणाला? कोणालाच सांगता येईना. वकिलातीतला एक अधिकारी मागे बसला होता, तो नागपूरचा. तो उठून उभा राहिला.

"काय म्हनला?" शालूबाईने विचारलं.

"म्हणाला, बाबा कवा गेले?"

गवारीची शेंग तिच्या हातात तशीच राहिली. अश्विनीने पदर तोंडाला लावला.

"मग त्याने सगळं सांगितलं," महामाया म्हणाली. "ट्रॅक्टरच्या खाली नट आवळत होता. गुलाबरावांना घाव घालताना पाहिलं. त्यांनीही याला पाहिलं आणि म्हणाले, तुझं कोण ऐकेल? म्हणून पळाला. आता तो स्वतःच यायला तयार झालाय. तसं कबूल केलं की फार दिवस लागत नाहीत. इथे आल्यावर खटला उभा राहील, काही दिवस आत राहावं लागेल. पण तो बोलणार आहे आजी. गुलाबरावांना आम्ही आज सकाळीच आणलंय ठाण्यात."

शालूबाईला गुलाबरावांचं काही नव्हतं. ती विचारत होती, "मंग सांगलं का त्याले कोणी? कवा गेले ते?"

महामाया अडखळली. "सांगितलं असेल."

"असन नोको. माह्या पोरानं इचारलं अन् तिथं कोणी सांगलं नसन तं? फोन लावा तुमचा. मी सांगते."

महामायाने फोन काढला. कोणाला लावायचा, तिथे आता किती वाजले असतील, ती पाहू लागली. शालूबाईने हात पुसून पदर डोक्यावरून नीट घेतला, जणू पाहुणे येणार होते.

भगवंतराव परतताना चिखलीच्या बाजारात गेले. हारवाल्याने विचारलं, "देवाले का माणसाले?"

"माणसाला," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी बैठकीतल्या भिंतीत खिळा ठोकला. फोटो लावला. हार घातला तर तो खाली लोंबू लागला, कौशल्याबाईंच्या फोटोपेक्षा वीतभर मोठा. मोजून आणायचा नाही का, ती म्हणाली असती, तुमचं बाजारहाट म्हणजे असंच. त्यांनी हार काढला नाही. मागून एक गाठ मारली, तो जरा वर आला, आणि ते समोर खुर्ची ओढून बसले.